पॉम्पेईतली रिकामी मैफल: तुम्ही ती कधी, कुठे, कोणासोबत पाहिलीत?

पुणे (धागा सुरू करताना)

ऑक्टोबर 1971. दक्षिण इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराचं दगडी अॅम्फीथिएटर, दोन हजार वर्षांहून जुनं, वीसेक हजार माणसं बसतील एवढं. त्याच्या मधोमध, उन्हात, पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचे चौघे वाजवतायत, ‘लाइव्ह अॅट पॉम्पेई’ या चित्रपटासाठी. गिटारवर डेव्हिड गिल्मर, बासवर रॉजर वॉटर्स, कीबोर्डवर रिचर्ड राइट, ड्रम्सवर निक मेसन. पायऱ्यांवर श्रोता म्हणून कोणी नाही. चित्रीकरणाची माणसं आणि कुठूनतरी आत शिरलेली गावातली काही पोरं, तेवढीच.

दिग्दर्शक एड्रियन मेबेन त्याच वर्षी उन्हाळ्यात तिकडे फिरायला गेला होता. पासपोर्ट हरवला म्हणून तो शोधायला संध्याकाळी त्या अॅम्फीथिएटरमध्ये परत गेला. अंधार पडत होता, आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि त्या शांततेत त्याला हा चित्रपट सुचला. अमेरिकेतल्या 1969 च्या वुडस्टॉक महोत्सवानंतर रॉक मैफलीचं चित्रण म्हणजे गर्दीचं चित्रण असं होऊन बसलं होतं. त्याने गर्दीच काढून टाकली.

मी तो 1994 साली हॉस्टेलवर पाहिला, चौदा इंची टीव्हीवर, खोलीत अकरा जण. ‘एकोज’ या गाण्याच्या सुरुवातीला कॅमेरा अगदी वरच्या पायरीवरून हळूहळू खाली सरकत येतो. आधी नुसता दगड दिसतो, मग ठिपक्याएवढी माणसं, मग ते काळे स्पीकर. तो शॉट संपेपर्यंत आमच्यापैकी कोणी बोललं नाही. वाद्यवृंद मंचावर आहे आणि आपण खुर्चीत आहोत असं वाटलंच नाही. कोणाच्या तरी रियाजाच्या खोलीबाहेर उंबऱ्यापाशी बसून ऐकावं, आत शिरायचा धीर होऊ नये, तसं झालं. तीस वर्षं झाली, अजून तसंच होतं.

तुमचे अनुभव लिहा. किती तारे द्यायचे ते नको. कुठे बसला होतात, काय ऐकलंत, काय राहून गेलं, ते लिहा.

डोंबिवली

मी उलट्या क्रमाने पोचलो. फेब्रुवारी 2007 मध्ये रॉजर वॉटर्स मुंबईत, बांद्रा-कुर्ला संकुलाच्या मैदानावर आला होता. ‘सेट द कंट्रोल्स’ सुरू झालं तेव्हा माझ्या पुढचा एक पन्नाशीचा गृहस्थ डोळे मिटून डोलत होता. गाणं संपल्यावर वळून मला म्हणाला, “पॉम्पेई पाहिलंयस का?” मी नाही म्हटलं. “मग घरी जाऊन पाहा.” परत त्यांची भेट झाली नाही. त्याच आठवड्यात पाहिलं.

नाशिक

माझा अनुभव जरा लांबलचक आहे.

1986 असावं. दादा मर्चंट नेव्हीत होता. सुट्टीवर आला की पिशवीतून एकदोन व्हिडिओ कॅसेट निघायच्या. आमच्याकडे व्हीसीआर नव्हता, भाड्याने आणायचो. एका रात्रीचं भाडं आणि सोबत तीन हिंदी सिनेमे. गल्लीतले सगळे आमच्या हॉलमध्ये. पहाटे तीनला तिसरा सिनेमा संपला, बायका पोरांना उचलून घरी गेल्या, आणि दादा म्हणाला, “ताई, झोपू नकोस, आता आपली.” सकाळी आठला मशीन परत करायचं होतं.

कॅसेट अमेरिकेतली होती. तिकडची पद्धत वेगळी, आपली वेगळी, त्यामुळे चित्र रंगीत येईना. काळंपांढरं, आणि मध्येच खालून वर गुंडाळत जाणारं. दादा टीव्हीच्या मागे हात घालून ते बटण फिरवत बसला. त्याने तो चित्रपट जवळजवळ पाहिलाच नाही, मला दिसावा म्हणून धरून बसला. मला आठवतं ते उकळत्या चिखलाचे बुडबुडे, वाफा, आणि त्यातून चालणारी चार माणसं. वॉटर्स मोठ्या झांजेसारख्या घंटेवर दांडा मारतोय आणि मागे पांढराफटक गोळा. आई उठून आली, थोडा वेळ दारात उभी राहिली आणि म्हणाली, “कुठल्या देवळात वाजवतायत रे?”

दादा 1999 मध्ये गेला. मी ते पुन्हा कधी लावलं नाही. 2011 मध्ये माझ्या मुलाने कंप्यूटरवर लावलं आणि मी स्वयंपाकघरातून आवाज ओळखून बाहेर आले. तो पांढरा गोळा म्हणजे सूर्य होता. चित्र रंगीत होतं. दगड पिवळसर, आभाळ निळं, गिल्मर उघड्या अंगाने उन्हात. पंचवीस वर्षं मी तो चित्रपट काळापांढराच आहे असं समजत होते. दादाने तरी तो रंगीत पाहिला होता का, हे मला विचारता येत नाही.

सांगली

नाशिकच्या ताई, तुमचं वाचून थोडा वेळ थांबलो, मग लिहायला घेतलं.

मी तबला शिकवतो. रॉक संगीत माझ्या घरी पुतण्याने आणलं. ‘वन ऑफ दीज डेज’ लावून तो म्हणाला, “काका, फक्त हाताकडे बघा.” त्या गाण्यात कॅमेरा जवळपास सगळा वेळ निक मेसनवरच आहे. इतर कॅमेऱ्यांची रिळं हरवली म्हणून तसं झालं, असं नंतर कळलं. हरवली ते एका अर्थी बरंच झालं. वाजवणाऱ्याला इतका वेळ, इतक्या जवळून कोण दाखवतं? आपल्याकडेही तबल्याच्या साथीचं चित्रण करताना कॅमेरा गायकावरच असतो.

मध्येच त्याच्या हातातून काठी उडते. पुतण्या हसला. मी त्याला परत मागे न्यायला लावलं, पाच-सहा वेळा. काठी उडाली त्या क्षणी दुसरा हात आणि दोन्ही पाय चालूच आहेत, मोकळा हात दुसरी काठी उचलतो आणि परत आत येतो. लय हलत नाही. चेहऱ्यावर घाबरल्याची खूणही नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी तेवढा तुकडा दरवर्षी दाखवतो. हे दुरुस्त करून परत चित्रित करता आलं असतं, पण ठेवलं, याचं मला फार मोल वाटतं.

‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’मध्ये मधल्या भागात तो एकच आवर्तन ड्रम्सवर फिरवत राहतो आणि बाकीचे त्याच्यावर अक्षरशः गोंधळ घालतात. राइट मुठींनी पियानो बडवतो. पहिल्यांदा मला तो भाग सहन झाला नाही. आता कळतं की लहरा धरणाऱ्याचं काम तिथे ड्रमवाला करतोय. चक्र तो धरून ठेवतो म्हणून बाकीच्यांना भटकता येतं.

मडगाव

मी साउंडचं काम करतो. लग्नं, जत्रा, तियात्र, सगळं. मला या चित्रपटात संगीताआधी सामान दिसतं. माफ करा, पण तेही प्रेमच आहे.

मागे रांगेत उभे हायवॉटचे अॅम्प्लिफायर, बाजूला वेमचे स्पीकर. आणि बिन्सन एकोरेक हे यंत्र! इतर प्रतिध्वनी यंत्रांत टेप फिरायची, यात चुंबकीय चकती फिरते. म्हणून त्याचा प्रतिध्वनी जरा ओला, गोल येतो. आणि ते यंत्र इटलीतच, मिलानला बनायचं, म्हणजे स्वतःच्याच देशात परत आलेलं. ‘एकोज’च्या सुरुवातीचा तो ‘टिंग’ आवाज म्हणजे राइटच्या पियानोचा एक स्वर, लेझ्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला. आणि मध्यात जे पक्षी ओरडल्यासारखं येतं ते गिल्मरच्या वा-पेडल या पायाने चालवायच्या यंत्राची जोडणी उलटी केल्यामुळे.

आणि वीज! अॅम्फीथिएटरमध्ये एवढ्या सामानाला पुरेल इतकी वीजच नव्हती. शेवटी गावातून रस्त्यांवरून लांबलचक केबल ओढत आणली. मोजक्याच दिवसांची परवानगी, त्यातले काही दिवस यातच गेले. डिचोलीकडच्या एका जत्रेत आमचा जनरेटर बंद पडला तेव्हा रात्री साडेअकराला आम्ही तिघे मंदिराच्या मागून केबल ओढत होतो, आणि मला खरंच पॉम्पेई आठवलं. वाजवणं आधीच ध्वनिमुद्रित करून वर नुसता अभिनय करणं किती सोपं होतं. ते चौघे तयार झाले नाहीत, वाजवू तर प्रत्यक्ष वाजवू म्हणाले. त्या हट्टापायी ट्रकभर सामान इंग्लंडहून आलं.

ठाणे

सगळे कौतुक करतायत, म्हणून मला खटकलेलं लिहितो. मी या चित्रपटावर प्रेमच करतो, म्हणून खटकतं.

नावात पॉम्पेई आहे, पण बराच भाग पॅरिसच्या स्टुडिओत डिसेंबरमध्ये घेतलेला आहे. ओळखायची सोपी खूण सांगतो. राइटला दाढी असेल तर पॉम्पेई, नसेल तर पॅरिस. ‘सेट द कंट्रोल्स’, ‘केअरफुल विथ दॅट अॅक्स, यूजीन’ आणि कुत्र्याचं गाणं पॅरिसचं. हे कळलं त्या दिवशी मला फसवल्यासारखं वाटलं होतं. आता तितकं वाटत नाही, कारण वाजवलंय तिथेही प्रत्यक्षच. पण नोब्स नावाच्या त्या कुत्र्याला माइकसमोर धरून रडायला लावणं मला अजूनही बघवत नाही. गिल्मर हार्मोनिका वाजवतो, वॉटर्स त्याची गिटार घेतो. सगळे खुशीत आहेत, मी मात्र पुढे ढकलतो.

आणि 2003 ची डीव्हीडी! त्यात दिग्दर्शकाने संगणकावर बनवलेले ग्रह आणि जुनं पॉम्पेई घुसडलं. मी पहिल्या पगारातून ती मागवली होती. कॅमेरा दगडांवरून सरकत असताना मध्येच ती चित्रं आली, आणि ज्या रिकामेपणासाठी मी बसलो होतो तोच गेला. कृपया नव्याने पाहणाऱ्यांनी तिथून सुरुवात करू नये.

न्यू जर्सी

ठाणेकरांशी पूर्ण सहमत. 2025 मध्ये आलेली आवृत्ती पाहा. मूळ 35 मिमी निगेटिव्हवरून साफ केलेली आहे आणि आवाजाचं मिश्रण स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकाराने नव्याने केलंय. एप्रिलमध्ये ती आयमॅक्सला लागली तेव्हा आम्ही गेलो, मी आणि माझी सोळा वर्षांची मुलगी. एवढ्या मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच मला वॉटर्सच्या बोटांना लागलेली धूळ दिसली. मुलगी अॅबी रोड या लंडनच्या स्टुडिओतल्या भागात जास्त रमली. ‘डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम अजून तयार होतोय, वॉटर्स त्या छोट्या सिंथेसायझरशी खेळतोय, राइट एकटा पियानोवर बसलाय. मग कँटीनमध्ये मेसनचं ‘पाय’ या खाण्याच्या पदार्थाबद्दलचं बोलणं, त्याला वरचं आवरण नको असतं. ती म्हणाली, “बाबा, यांना माहीतच नाहीये ना, काय होणारेय ते?” 1973 मध्ये तो अल्बम आल्यावर त्यांचं सगळंच बदललं. त्या आधीची ही चार माणसं एकमेकांकडे बघून वाजवतात. मला नंतरचं सगळं माहीत असल्यामुळे ते बघणं जड गेलं.

2022 मध्ये निक मेसनला त्याच्या नव्या संचाबरोबर ‘एकोज’ वाजवताना ऐकलं. वय अठ्ठ्याहत्तर. सांगलीकर काका, लय तशीच.

कोल्हापूर

आम्ही नवरा-बायको 2018 मध्ये ग्रुप टूरने युरोपला गेलो. पॉम्पेईत दोन तास दिले होते. गाइडने चौक, हमामखाना, बेकरीची भट्टी दाखवली आणि परतीची वेळ सांगितली. अॅम्फीथिएटर शहराच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेला, आणि आमचा कार्यक्रम पश्चिमेच्या दरवाजापाशीच संपत होता. मी विचारलं तर म्हणाला, यादीत नाही. बायकोने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, “पळ. मी बस थांबवते.”

त्या दगडी रस्त्यांवर पळता येत नाही, जुन्या गाड्यांच्या चाकांनी खाचा पडल्यात. घामाघूम होऊन पोचलो. आत मातीऐवजी बरंचसं गवत. आठ-दहा पर्यटक. मोबाइलवर ‘एकोज’ लावायचं ठरवलं होतं, पण लावलं नाही. मधोमध उभा राहिलो आणि जिथे तो कॅमेरा असेल त्या वरच्या पायरीकडे बघत राहिलो. सात मिनिटं मिळाली असतील. 2016 मध्ये गिल्मर तिथे परत जाऊन वाजवून आला होता, या वेळी प्रेक्षकांसमोर. ‘एकोज’ मात्र नाही वाजवलं. राइट 2008 मध्ये गेला, त्याच्याशिवाय ते वाजवणार नाही असं गिल्मरने ठरवलंय.

बस थांबली होती. बायको पायरीवर एक पाय ठेवून उभी होती, ड्रायव्हरशी मराठीतच बोलत.

नाशिक

सगळ्यांचं वाचलं. न्यू जर्सीकरांनी सांगितलेली नवी आवृत्ती मुलाने काल लावून दिली, हेडफोनसकट. मडगावकरांचा तो ‘टिंग’ आला तेव्हा एक गोष्ट आठवली, जी मी वर लिहायला विसरले. त्या पहाटे चित्र गुंडाळायला लागलं की दादा बटण फिरवायचा आणि विचारायचा, “आता? आता दिसतंय?” त्या ‘टिंग’नंतर जी शांतता येते ना, त्यात मी त्याला दर वेळी “हो” म्हणत होते, दिसत नसलं तरी.

काल पूर्ण पाहिला. कुत्र्याचं गाणं मीही पुढे ढकललं.