एकबारी रायफल : एक गोळी पुरे, की नुसती हौस?

ठासणीवाला

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की मोठ्या कॅलिबरची (म्हणजे रुंद नळीची) एकबारी, दर बाराला एकच काडतूस भरायची रायफल आज विकत घेणं म्हणजे पाच काडतुसांचे पैसे मोजून एकच घेणं. वाक्य चटकदार आहे, पण मला पटलेलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

माझ्याकडे .४५-७० या जुन्या अमेरिकन काडतुसाची फॉलिंग ब्लॉक रायफल आहे. चापाखालचा लिव्हर खाली दाबला की नळीमागचा पोलादी ठोकळा सरळ खाली उतरतो. काडतूस हाताने आत सारायचं, लिव्हर वर घ्यायचा, झालं. काडतुसं साठवायचं मॅगझिन नाही, स्प्रिंग अडकण्याची भानगड नाही. नेहमीच्या रायफलीतल्या बोल्टला, म्हणजे नळीमागच्या पोलादी दांड्याला, मागे सरकायला जागा ठेवावी लागत नाही, त्यामुळे बंदुकीची एकूण लांबी तेवढीच ठेवून नळी साधारण चार इंच जास्त मिळते. स्कॉटलंडच्या जॉन फार्क्वारसनने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना इतकी देखणी आहे की अमेरिकेच्या रुगर कंपनीने १९६७ मध्ये नंबर वन ही रायफल काढली ती त्याच वळणावर.

पण खरं कारण वेगळं. एकच बार हातात असला की माणूस घाई करत नाही. १८७४ ची, न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावरची नेमबाजीची लढत आठवा. आयरिश संघ ठासणीच्या रिग्बी घेऊन आलेला, अमेरिकन संघाकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. दोन्हीकडे एका वेळी एकच बार. ८००, ९०० आणि १००० यार्डांवर नेम, आणि निकाल ९३४ विरुद्ध ९३१!

खडूस

क्रीडमूरचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. हरलेल्या संघातल्या एकाने अचूक मध्यभागी गोळी घातली होती, फक्त ती शेजारच्या लक्ष्यावर. गुण शून्य. तेव्हा मध्याला चार गुण असायचे आणि संघ हरला तीन गुणांनी. एकच बार हातात असल्याने माणूस सावध होतो म्हणता ना? तो गडी तर जगातल्या निवडक नेमबाजांपैकी होता.

शिस्त माणसात असते, बंदुकीत नसते. ज्याला घाई करायची आहे तो एकबारीतही करतो, आणि ज्याला नाही तो पाच गोळ्या भरूनही एकच झाडतो.

रानवाटा

खडूस यांना +१, पण माझं कारण कागदावरचं नाही.

मी काही वर्षं एकबारी घेऊन शिकारीला गेलो. दुसरं काडतूस डाव्या हाताच्या बोटांत धरायचं, ही सवय सगळ्यांना असते, मलाही होती. पहिली गोळी रानडुकराला जरा मागे लागली. लिव्हर दाबला, ठोकळा खाली गेला, पण झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर येईना. घरी भरलेलं काडतूस होतं, दारू जरा सढळ हाताने पडलेली, चूक माझीच. बोल्ट असता तर मूठ उचलताच पुंगळी पिळून सैल झाली असती. फॉलिंग ब्लॉकला तेवढा जोर नसतो, नखाने ओढून बघायचं. मी चाकूच्या टोकाने ती पुंगळी उकरत होतो आणि डुक्कर झुडपात शिरलं. संध्याकाळी सापडलं. मधले तीन तास मी विसरलेलो नाही.

जनावराचं दुखणं लांबवण्याचा हक्क मला माझ्या हौसेने दिलेला नाही. दुसरी गोळी ही चैन नव्हे.

ठासणीवाला

रानवाटा, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी शिकार करत नाही, कागदी लक्ष्यावरच झाडतो, त्यामुळे धाग्याच्या सुरुवातीलाच तसं लिहायला हवं होतं.

तिरकस_रेघ

सगळे 'मोठं कॅलिबर' म्हणताय, पण कशाबद्दल बोलताय ते तरी ठरवा. मूळच्या .४५-७० मध्ये ७० ग्रेन काळी दारू आणि ४०५ ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅमची शिशाची गोळी. वेग सेकंदाला जेमतेम ४०० मीटर. ऊर्जा काढली तर शिकारीच्या साध्या .३०-०६ काडतुसाच्या निम्म्याच्या आसपास भरते! १०० यार्डांवर नेम बसवला तर २०० वर गोळी दोनेक फूट खाली. भोक मोठं म्हणजे ताकद मोठी, हा समज आधी सोडा.

दुसऱ्या टोकाला .५० बीएमजी, मुळात मशीनगनसाठी बनलेलं काडतूस. गोळी ४० ग्रॅमच्या वर, वेग दुपटीहून जास्त. तीही एकबारीत मिळते आणि बंदूक सहज दहा किलोंच्या घरात जाते. कॅलिफोर्नियाने २००५ पासून या काडतुसाच्या रायफलींवर बंदी घातली, त्यात एकबारीही आल्या. तेव्हा 'एकच तर गोळी' हा बचाव कायद्यापुढे टिकत नाही हे लक्षात ठेवा.

खडूस

आणि जुन्या बंदुकीवाल्यांनो, हेही वाचा. .४५-७० साठी ठरलेला कमाल दाब २८,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड). पण घरी काडतुसं भरणाऱ्यांच्या पुस्तकांत याच एका काडतुसाचे तीन वेगळे तक्ते असतात : जुन्या, कमजोर ट्रॅपडोअर रायफलीसाठी, लिव्हर अ‍ॅक्शन रायफलीसाठी आणि रुगर नंबर वनसारख्या भक्कम बंदुकीसाठी. तिन्ही काडतुसं बाहेरून सारखीच, तिन्ही बंदुकांत सारखीच बसतात. आजोबांची ट्रॅपडोअर काढून तिच्यात तिसऱ्या तक्त्याचं काडतूस घालणारा महाभाग मी पाहिलाय. बार उडायच्या आत शेजारच्याने हात धरला म्हणून बरं.

ठासणीवाला

हा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी म्हणूनच काळी दारूच वापरतो. तिची मजा निराळी आणि ताप दसपट. प्रत्येक बारानंतर नळीत फुंकणी घालून तोंडाची वाफ सोडायची, नाहीतर आतली काजळी वाळून कडक होते आणि पाचव्या-सहाव्या गोळीला नळीतल्या आट्यांत (पिळाच्या खाचांत) गोळी नीट बसत नाही. पुंगळ्या तिथल्या तिथे साबणाच्या पाण्यात टाकायच्या, पाणी मिनिटात शाईसारखं होतं. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवायची. धुताना सडक्या अंड्यांचा वास घरभर. दुसऱ्या दिवसावर ढकललं की गंज धरलाच म्हणून समजा.

आता खडूस म्हणतील, एवढं करून मिळवलं काय. दिवसाला वीस बार काढतो, आणि त्यातला प्रत्येक मला दुसऱ्या दिवशी आठवतो.

मोरपंखी

मी नवीन आहे, म्हणून विचारते. पहिलीच रायफल मोठी एकबारी घेतली तर? सगळे फक्त धक्क्याची भीती घालतात.

रानवाटा

मोरपंखी ताई, पहिली नको. धक्का खांद्याला लागतो ते दोन दिवसांत विसरायला होतं. मनाला लागतो तो नाही. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, नळी खाली जाते, आणि आपल्याला पत्ताही नसतो. आधी .२२ या लहान, धक्का नसलेल्या काडतुसाच्या रायफलीवर दोनेक हजार गोळ्या झाडा.

एकबारीचा एक फायदा मात्र इथे कबूल करतो. दुसऱ्या कुणाला तरी काडतूस भरायला सांगा, मधूनच त्याने डमी, म्हणजे दारू नसलेलं खोटं काडतूस, सरकवावं. बार उडत नाही आणि नळी कशी दचकते ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. मॅगझिनमध्ये डमी मिसळता येतात, पण भरणाऱ्याला ऐनवेळी मन बदलता येत नाही.

ठासणीवाला

हे मी कधी केलेलं नाही. माझे वीस बार धीरानेच जातात असं धरून चाललोय. रविवारी बघतो, बायको भरेल, मी ओढेन.

खडूस

वहिनींना सांगा, पहिलंच डमी द्या.