सीबीआर फाइल उघडत नाही, उघडली तर पानं मागेपुढे

खडूफळा
विंडोज ११. प्रताधिकार संपलेली १९४०-५० च्या दशकांतली अमेरिकन कॉमिक्स उतरवून घेतली आहेत. सीबीझेड फाइली जुन्या रीडरमध्येही (कॉमिक्स वाचायच्या प्रोग्रॅममध्ये) उघडतात. सीबीआरपैकी काही मात्र ‘फाइल खराब आहे’ म्हणतात. एका फाइलीत पहिल्या पानानंतर थेट दहावं येतं. शिवाय घरच्या जुन्या दिवाळी अंकातल्या चित्रकथा स्कॅन करून अशीच फाइल बनवायची आहे. कशी बनवू?

शाईदौत
फाइल खराब असेलच असं नाही. सीबीझेड म्हणजे झिप, सीबीआर म्हणजे रार (दोन्ही अनेक फाइली एकत्र दाबून ठेवायचे प्रकार), आत नुसती चित्रं. शेवटची तीन अक्षरं कुणीही बदलू शकतं, आणि झिपला सीबीआर नाव दिलेलं सर्रास आढळतं. काही रीडर नावावर विसंबतात आणि तिथेच अडतात.

सेव्हनझिप हा अशा फाइली उघडणारा मोफत प्रोग्रॅम संगणकावर टाकून घ्या. फाइलीवर राइट क्लिक करून ‘ओपन आर्काइव्ह’. हा प्रोग्रॅम नाव न बघता आतला मजकूर ओळखतो. वरच्या ‘इन्फो’ बटणात ‘टाइप’ दिसेल. झिप असेल तर फक्त नाव बदलून सीबीझेड करा. (आधी एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा, नाहीतर नाव होईल ‘अंक.सीबीझेड.सीबीआर’ आणि कळणारही नाही.) ‘रार५’ दिसलं तर दोष रीडरचा: हा प्रकार २०१३ मध्ये आला, त्याआधीच्या रीडरना तो वाचता येत नाही. चित्रं बाहेर काढा, पुन्हा झिप करा आणि नाव सीबीझेड द्या. सेव्हनझिप रार बनवत नाही, पण त्याची गरजही नाही.

मोरपीस
पानांच्या क्रमाबद्दल. साधा रीडर नावं अक्षरांप्रमाणे लावतो, म्हणून १ नंतर १०, ११, मग २. उपाय एकच, तीन अंकी नावं: ००१, ००२. एक्सप्लोररमध्ये सगळ्या फाइली निवडून एफ२ दाबलं तर पुढे शून्य लागत नाही, म्हणजे दुखणं तसंच राहतं. मायक्रोसॉफ्टच्या मोफत पॉवरटॉइजमधलं पॉवररीनेम वापरा, त्यात क्रमांकांना पॅडिंग, म्हणजे पुढची शून्यं, देता येतं. जोडपानाचं एकच चित्र असेल तर नाव ०१४-०१५ असं.

नावात अंक मात्र इंग्रजीच ठेवा. देवनागरी अंकांना बरेच प्रोग्रॅम अंक मानत नाहीत, आणि जुन्या झिप प्रोग्रॅममध्ये मराठी नावांचं कडबोळं होतं. मॅकवर बनवलेल्या झिपमध्ये ‘मॅकओएसएक्स’ नावाचं जास्तीचं फोल्डर येतं. त्यामुळे कोरी किंवा फुटकी पानं दिसू शकतात. ते बेधडक उडवा.

शाईदौत
स्कॅनिंगबद्दल: ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरे. ए४ पान २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं, म्हणजे वाचताना मेमरीत एका पानाला साधारण २६ एमबी. ६०० डीपीआयला त्याच्या चौपट, आणि पान उलटताना जुना संगणक अडखळतो. जेपेग क्वालिटी ८५ ते ९०.

दिवाळी अंकाचा कागद पातळ असतो, मागच्या पानाची छपाई आरपार दिसते. पानामागे काळा जाड कागद ठेवा, फरक डोळ्यांना दिसेल. रंगीत छपाईच्या ठिपक्यांमुळे चित्रावर जाळी येते. त्यासाठी स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ‘डीस्क्रीन’ असतं, ते चालू करा. काळ्यापांढऱ्या रेखाचित्रांना बंद ठेवा, कारण रेषा बोथट होतात.

झिप करताना कॉम्प्रेशन लेव्हल ‘स्टोअर’. जेपेग आधीच दाबलेलं असतं, आणखी दाबून हाती काही लागत नाही.

खडूफळा
दोन फाइली झिपच निघाल्या, तीन रार५. पुन्हा झिप केल्यावर चार नीट उघडल्या. रार५ मधल्या एकीत २३ व्या पानाला सेव्हनझिप ‘सीआरसी’ची (म्हणजे आतला डेटा तपासणीत जुळत नसल्याची) चूक दाखवतोय.

मोरपीस
ही मात्र खरोखर बिघडलेली. बहुधा उतरवताना तुटली असेल. मूळ ठिकाणी दाखवलेला आकार बाइटमध्ये ताडून पाहा, कमी असेल तर पुन्हा उतरवा. आकार तोच असेल तर ‘इन्फो’मध्ये ‘सॉलिड’पुढे काय आहे ते बघा. उणे चिन्ह असेल तर बाकीची पानं सुटी काढता येतील. अधिक असेल तर सगळी पानं एकाच साखळीत दाबलेली आहेत, आणि २३ नंतरचीही बहुधा गेली. अशा वेळी दुसरी प्रतच शोधावी लागते.