मुलांची शाळा आई-बाबांना समजावून सांगताना: तुमचे अनुभव लिहा

तुर्भेच्या_बाई
आमच्या वॉचमनदादांची मुलगी तिसरीत आहे. परवा रात्री ते मोबाईल घेऊन दारात उभे. शाळेच्या ग्रुपवर आलं होतं, "सोमवारपासून संकलित मूल्यमापन. आकारिकच्या वह्या पूर्ण करून पाठवणे." म्हणाले, "बाई, यात आम्ही करायचं काय?" त्यांना सांगता सांगता तुर्भे स्टोअरच्या वस्तीतल्या शाळेचे दिवस आठवले, म्हणून हा धागा काढतेय.

मी महापालिकेच्या शाळेत पहिली ते चौथीला शिकवायचे. पालक दगडखाणीवर नाहीतर मार्केटात. २०१० नंतर प्रगतिपुस्तकात गुणांच्या जागी अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी आल्या आणि सभेत एकच प्रश्न यायला लागला, "पण पोरगी पास ना?" तक्ते वाचून दाखवण्यापेक्षा मी प्रत्येकाच्या हातात त्याच्याच मुलाची वही द्यायचे. जूनचं पान आणि दिवाळीनंतरचं पान शेजारी शेजारी. जिला अक्षरओळख नव्हती त्या आईलाही दिसायचं की लेकीचं अक्षर आता रेघेवर बसतंय.

मग श्रेणी कशी ठरते ते सांगायचे. पहिली-दुसरीला शंभरातले ७० गुण आकारिकचे, म्हणजे वर्षभराचं तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, आणि संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे, फक्त ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. परीक्षेपुरतं पोराला पाठवायचं आणि एरवी धाकट्याला सांभाळायला घरी ठेवायचं, याने त्याचे ७० गुण कुठे बुडतात हे तिथे समजायचं. त्यानंतर कितीतरी आयांनी हजेरी मनावर घेतली. शाळेने पालकांना फक्त तक्रार ऐकवायला बोलवावं, हे मला कधीच पटलं नाही.

पालक, शिक्षक, आजी-आजोबा, सगळ्यांनी लिहा.

माथाडीचा_लेक
बाई, डोळ्यात पाणी आणलंत. आमचे अण्णा वाशीच्या भाजी मार्केटला. मध्यरात्रीनंतर निघायचे, दुपारी येऊन झोपायचे. पालकसभा कायम दुपारीच, त्यामुळे "याचे वडील येतच नाहीत" असा शिक्काच बसलेला. चौथीच्या बाई एकदा संध्याकाळी कोपरखैरण्याला घरीच आल्या. चहा घेतला, अण्णांना म्हणाल्या, "तुम्ही शिकवू नका, फक्त त्याच्याकडून रोज एक पान ऐकून घ्या." अण्णा स्वतः चौथीपर्यंतच शिकलेले, पाटणकडचे. पण मार्केटला जायच्या आधी ऐकायचे. अजून गावाला गेलो की पेपर मलाच वाचायला लावतात.

ऐरोली_ठाणे_लोकल
वह्यांची कल्पना फार आवडली!! आमच्या शाळेत ओपन हाऊस असतं, एका पालकाला पाच मिनिटं. त्यात "शी इज अ गुड चाइल्ड" ऐकून बाहेर. ट्रेन आली, नंतर लिहिते.

नौपाड्याचे_आजोबा
२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तर दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा आमच्या घरात मोठा वाद झाला होता. मी नातीच्या बाईंना भेटायला गेलो. त्या वाद घालत बसल्या नाहीत. टेबलावर काड्यांचे सात गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या आणि म्हणाल्या, "बहात्तर म्हटलं की मुलाला आधी दोन ऐकू येतात, म्हणून ते २७ लिहितं. आधी गठ्ठे मोजू द्या, बहात्तर तुम्ही घरी म्हणून घ्या." झालं, आमची कामं वाटली गेली. शाळा आपल्याला गठ्ठे दाखवते तेव्हा वाद उरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कळव्याची_मावशी
आजोबा, आमच्याकडे एकोणऐंशी आणि एकोणनव्वदवरून अजून गोंधळ होतो 😄

नौपाड्याचे_आजोबा
मणी ओवायला द्या. दर दहा मण्यांनंतर रंग बदला.

दिवा_पूर्व_आई
पहिलीच्या आधी 'पहिले पाऊल'चा मेळावा असतो ना शाळापूर्व तयारीचा, तो मला फार आवडला. एकेका टेबलावर मूल जातं, उड्या मारतं, रंग ओळखतं, वस्तू मोजतं आणि त्याच्या कार्डावर नोंद होते. नंतर आम्ही गल्लीतल्या आयांनी गट केला. शाळेतून घरी करायच्या गोष्टींची कार्डं मिळतात. भाजी निवडताना भेंड्या मोजायच्या, लहान-मोठी भांडी लावायची. माझी जाऊ म्हणायची मला काय येतंय शिकवायला. आता गटात तीच सगळ्यांना हाका मारून जमवते. कुकर झाला, जाते.

नवीन_पालक_कासारवडवली
थोडं विषयांतर. भाच्याचा जन्म नोव्हेंबरचा आहे, यंदा सहा पूर्ण होतील. पहिलीत घेतात का? शेजारी म्हणतात जूनच्या आत सहा पूर्ण हवीत.

तुर्भेच्या_बाई
राज्यात ३१ डिसेंबर धरतात. त्या तारखेपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर पहिलीत घेतात. जन्माचा दाखला काढून ठेवा.

नवीन_पालक_कासारवडवली
आभार बाई! आणि चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी नकोत असं सरकारने २०२४ मध्ये काढलं होतं ना? आमच्याकडे घोडबंदरच्या ट्रॅफिकमुळे बस पावणेआठलाच येते. लेक बसमध्ये झोपते.

कळव्याची_मावशी
अगं बाई, बिचारी. डबा तरी खाते का?

बरं, विषयावर लिहिते. माझ्या बहिणीची मुलगी इंग्रजी शाळेत. बहीण मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. डायरी उघडली की तिचा चेहरा उतरायचा. 'शो अँड टेल'ला, म्हणजे घरची वस्तू दाखवून तिच्याबद्दल बोलायच्या तासाला, काय न्यायचं ते न कळल्यामुळे पोर एकदा रिकाम्या हाताने गेली आणि दिवसभर रडली. मी बहिणीबरोबर शाळेत गेले आणि टीचरना सरळ विचारलं, डायरीतलं आवाजात पाठवाल का? त्या तरुण मुलीने दुसऱ्या दिवसापासून मराठी आणि हिंदीत रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. बाकीच्याही आयांचे अंगठे धडाधड 👍👍. सगळ्या अडलेल्याच होत्या, आधी कुणी बोलत नव्हतं एवढंच. पुढच्या वेळी बहिणीने लेकीबरोबर आमच्या आईचा पाटा-वरवंटा नेला. वर्गातल्या सगळ्या मुलांनी वाटून बघितलं!

माथाडीचा_लेक
पाटा-वरवंटा शाळेत 😂 उचलून कोणी नेला?

कळव्याची_मावशी
रिक्षाने!

कोपरीची_ताई
सरकारी आणि महापालिका शाळांच्या पालकांनी शाळा व्यवस्थापन समिती नक्की समजून घ्यावी. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, आणि निम्म्या महिला. मी होते समितीत. सुरुवातीला आम्हा बायकांना वाटायचं, आपलं काम सहीपुरतं. एका मुख्याध्यापकांनी मात्र शाळा विकास आराखडा पुढ्यात ठेवून प्रत्येक ओळ मराठीत, सोप्या शब्दांत सांगितली. मग एक बाई पहिल्यांदा बोलल्या, मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. त्याआधी मुली दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत, हे आम्हाला घरी माहीत होतं आणि शाळेला माहीत नव्हतं. आठवड्यात कडी बसली.

खासगी विनाअनुदानित शाळांना ही समिती लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ.

ऐरोली_ठाणे_लोकल
आले परत. ठाण्यात तीन हात नाक्याला पुलाखाली सिग्नल शाळा आहे, २०१६ पासून. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांनी मिळून सुरू केली. सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांची शाळा. तिथून जाताना मला नेहमी वाटतं, ज्या आई-बापांनी शाळा आतून पाहिलीच नव्हती त्यांना ती डोळ्यांसमोर रोज दिसते. घंटा, रांग, डबा, सगळं. हे किती मोठं आहे.

नवीन_पालक_कासारवडवली
शनिवारी माझ्या लेकीची पहिलीच पालकसभा आहे. बाई, विचारायचं काय असतं? मला "अभ्यासात कशी आहे" याच्या पुढे सुचत नाही.

तुर्भेच्या_बाई
तेवढंच विचारलंत तर "छान आहे" एवढंच उत्तर मिळेल. हे विचारा: मधल्या सुट्टीत कोणाबरोबर खेळते? न समजल्यावर हात वर करते की शेजारणीचं बघते? वाचताना नेमकी कुठे अडते, जोडाक्षरांना की ओळ सुटते? शिक्षकांकडे वर्णनात्मक नोंदी असतात, त्यात तिच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगा. आणि घरी ती काय करते तेही तुम्ही सांगा. एका मुलाच्या आईने मला सांगितलं होतं की तो रात्री अंथरुणात सगळ्या कविता म्हणतो. वर्गात तो तोंडच उघडायचा नाही. तोवर मी त्याला कविता येत नाहीत असंच धरून चालले होते. मग त्याला धाकट्या वर्गात नेऊन म्हणायला लावलं, तिथे तो बोलला.

नवीन_पालक_कासारवडवली
लिहून घेतलं सगळं. एक अडचण आहे, शनिवारी मला सुट्टी नाही आणि हे पुण्याला. सासूबाईंना पाठवलं तर चालेल का? त्यांना संकोच वाटतोय.

तुर्भेच्या_बाई
जरूर पाठवा. आदल्या दिवशी वर्गशिक्षिकेला निरोप द्या की आजी येताहेत. प्रश्न मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या. आणि लेकीलाच सांगा आजीला वर्ग दाखवायला, तिची जागा, तिची वही, पाण्याची टाकी. ती हात धरून नेईल.