पुरवठादाराच्या वीजबिलात डोकावण्याचा हक्क ग्राहक कंपनीला आहे का?

खरेदीविभाग_अंबड

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या, नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळते. आमचे साठेक पुरवठादार आहेत. त्यांतले बहुतेक अंबड-सातपूरचे, तर काही सिन्नरजवळच्या मुसळगावचे आहेत. आम्ही ज्या मोठ्या कंपनीला माल देतो, तिने यंदा आमच्याकडे वीज, डिझेल, पाणी आणि घातक कचरा यांचा वर्षभराचा हिशेब मागितला आणि खाली ‘आपल्या पुरवठादारांचाही द्यावा’ अशी पुस्ती जोडली. त्यावरून मी असा प्रस्ताव तयार केला आहे की येत्या एप्रिलपासून प्रत्येक पुरवठादाराने दरमहा एक तक्ता भरून द्यावा आणि व्हेंडर रेटिंगच्या, म्हणजे पुरवठादाराच्या मूल्यमापनाच्या, १०० गुणांपैकी १० गुण त्यासाठी राखून ठेवावेत.

आमच्या स्वतःच्या कारखान्यात प्रामुख्याने जुळणी आणि तपासणी होते. फोर्जिंग, टर्निंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग (धातूचा मुलामा देणे) ही ऊर्जा, पाणी आणि रसायने खाणारी कामे बाहेर होतात. त्यामुळे आम्ही आमच्या छतावर कितीही सौर पॅनेल बसवले, तरी विकत घेतलेल्या मालाच्या पोटात दडलेला खर्च तसाच राहतो आणि तो मोजल्याशिवाय कमी कसा करायचा हे कळत नाही. पुरवठादारांनी मात्र तक्ता पाहताच नाराजी व्यक्त केली. ही मागणी योग्य आहे की अन्यायकारक, यावर दोन्ही बाजूंची मते वाचायला आवडतील.

गाळा_क्रमांक_सतरा

मॅडम, मी त्या नाराज मंडळींपैकीच एक आहे असे समजा. अंबडमध्ये भाड्याच्या गाळ्यात माझी तीन सीएनसी यंत्रे आहेत, अकरा माणसे आहेत आणि हिशेब पाहायला आठवड्यातून दोनदा एक मुलगा येतो. गेल्या वर्षभरात तीन ग्राहकांनी माझ्याकडे तीन वेगवेगळे तक्ते पाठवले. एकाला वीज युनिटमध्ये हवी होती, दुसऱ्याला गिगाज्यूलमध्ये, आणि तिसऱ्याने एकशे चाळीस प्रश्न विचारले, ज्यांत ‘आपल्या जैवविविधता धोरणाची प्रत जोडा’ असाही एक होता. माझ्या गाळ्यासमोर एक उंबर आहे आणि त्यावर बगळे बसतात, एवढेच माझे धोरण.

थट्टा बाजूला ठेवतो, कारण अडचण खरी आहे. विजेचे बिल गाळामालकाच्या नावाने येते. माझा आणि शेजारच्या पॅकिंगवाल्याचा सबमीटर आहे आणि आम्ही आपापसांत पैसे वाटून घेतो. त्याच यंत्रावर सकाळच्या पाळीत आपला माल निघतो आणि दुपारच्या पाळीत दुसऱ्या ग्राहकाचा, मग महिन्याच्या ६,००० युनिटांपैकी आपल्या वाट्याची किती, हे कोणत्या आधारावर सांगायचे? नगांवर वाटले तर छोट्या बुशवाल्याच्या नावावर सगळी वीज जाते आणि वजनावर वाटले तर मोठ्या फ्लॅंजवाल्याच्या. मी मनाला येईल तो आकडा टाकला तर आपल्याला तो चालेल, कारण रकाना भरलेला दिसेल. हीच मला सर्वांत खटकणारी गोष्ट आहे.

आणि शेवटी पैशांचे. कोणाचे नाव घेत नाही, परंतु माझ्या एका ग्राहकाने ९७ दिवसांनी बिल चुकते केले आणि त्याच आठवड्यात ‘जबाबदार पुरवठा साखळी’ या विषयावरच्या बैठकीचे आमंत्रण पाठवले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत हे कायद्यात २००६ पासून लिहिलेले आहे. आधी तो तक्ता भरा, मग मी आपला भरतो.

दिंडोरी_द्राक्ष

मी द्राक्ष बागायतदार आहे आणि निर्यातीचा माल काढतो, त्यामुळे कारखानदारांच्या या तक्रारी वाचताना मला पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे आमच्याच पारावरचे बोलणे आठवले. २००६ मध्ये अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी नोंदणी सुरू केली, तेव्हा ‘आम्ही शेती करायची की कारकुनी’ असे प्रत्येक जण म्हणत होता. बागेची नोंदणी, प्लॉटचा क्रमांक, कोणत्या तारखेला कोणती फवारणी, काढणीपूर्वीचे दिवस, नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, हे सगळे नकोसे वाटत होते. आज युरोपात पोहोचलेल्या पेटीवरच्या क्रमांकावरून ती कोणत्या बागेतून निघाली ते शोधता येते, आणि त्यामुळेच एका बागेच्या चुकीसाठी सगळ्या तालुक्याचा माल अडवला जात नाही. फवारणीच्या वहीमुळे माझा औषधांचा खर्चही आटोक्यात आला, कारण लिहायला लागल्यावरच लक्षात आले की शेजाऱ्याने मारले म्हणून आपण किती वेळा मारतो.

तेव्हा मोजणीला विरोध करू नका, एवढेच मी गाळ्यावाल्या दादांना सांगेन.

गाळा_क्रमांक_सतरा

दादा, आपण २००६ सांगितले, २०१० सांगितले नाही.

दिंडोरी_द्राक्ष

टोला मान्य. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेंड्याची वाढ रोखण्यासाठी आम्ही क्लोरमेक्वाट क्लोराइड, आमच्या भाषेत सीसीसी, वापरत होतो. २०१० च्या हंगामात युरोपातल्या प्रयोगशाळांना त्याचा अंश सापडला आणि कंटेनर अडकले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. म्हणजे ज्यांनी प्रत्येक कागद चोख ठेवला होता, त्यांचेही दिवाळे निघाले. पुढे ते यादीत आले, पण त्या वर्षीचे कर्ज शेतकऱ्याच्याच डोक्यावर बसले. म्हणून माझ्या पाठिंब्याला एक अट आहे: काय मोजायचे हे ठरवणाऱ्याने चुकीच्या यादीची जबाबदारीही घ्यावी. ती आजपर्यंत कोणी घेतलेली मी पाहिली नाही.

आकडेमोड_कॉलेजरोड

मी सनदी लेखापाल आहे आणि या धाग्यावर कायद्याविषयी थोडी धूसरता दिसते म्हणून लिहितो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२१ मध्ये व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवालाची चौकट आणली आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तो अहवाल बंधनकारक झाला. पुरवठा साखळीची माहिती देण्याची अपेक्षा २०२३ मध्ये आली, तीसुद्धा केवळ पहिल्या २५० कंपन्यांकडून. मार्च २०२५ मध्ये ती एका वर्षाने पुढे ढकलून ऐच्छिक करण्यात आली आणि मूल्याच्या दृष्टीने खरेदी-विक्रीत २ टक्के किंवा अधिक वाटा असलेल्या भागीदारांपुरती मर्यादित करण्यात आली. मॅडमचा कारखाना त्या मोठ्या कंपनीसाठी कदाचित या २ टक्क्यांत बसत असेल. तीन यंत्रांचा गाळा त्यात बसण्याचा प्रश्नच येत नाही. ‘सेबीचा नियम आहे’ असे सांगून साठही जणांना तक्ते पाठवणे ही दिशाभूल ठरेल.

युरोपच्या सीमेवरच्या कार्बन शुल्काची, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावरच्या आकाराची, गोष्ट निराळी आहे. त्याची केवळ माहिती देण्याची अवस्था १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाली आणि १ जानेवारी २०२६ पासून ते प्रत्यक्ष लागू झाले. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन यांना ते लागू आहे आणि पोलादाच्या यादीत बोल्ट, नट, स्क्रू हेसुद्धा येतात. खरा आकडा दिला नाही तर ठरवून दिलेला आकडा लावला जातो आणि तो सहसा निर्यातदाराच्या गैरसोयीचा असतो. युरोपला बोल्ट-नट पाठवणाऱ्यांच्या पुरवठादारांनी उत्सर्जन मोजणे हा म्हणूनच शुद्ध व्यवहार आहे.

प्रस्तावाला माझा विरोध आहे, कारण तो सर्वांना एकाच काठीने हाकतो. मोठ्या खरेदीचे आठ-दहा पुरवठादार निवडावेत आणि बाकीच्यांसाठी खरेदीच्या रकमेवरून अंदाज काढावा. जगभर तसेच करतात.

खरेदीविभाग_अंबड

सर, माहितीबद्दल आभार, पण रकमेवरून अंदाज काढण्याचा जाच मी भोगला आहे. एका वर्षी पोलादाचे दर चढले, त्यामुळे आमची खरेदीची रक्कम वाढली आणि तेवढेच नग घेऊनही कागदावरचे उत्सर्जन वाढलेले दिसले. ज्या पुरवठादाराने जुनी भट्टी बदलून वीज वाचवली आणि ज्याने काहीच केले नाही, ते दोघे त्या पद्धतीत सारखेच दिसतात. चांगले काम करणाऱ्याचे काम दिसावे यासाठीच मला खरा आकडा हवा आहे.

४५ दिवसांच्या मुद्द्यावर मी बचाव करणार नाही. लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाकारणाऱ्या, प्राप्तिकर कायद्यातल्या ४३ब(एच) या तरतुदीनंतर आमच्याकडे सुधारणा झाली आहे, तरीही ती पुरेशी नाही.

नासर्डीकाठ

आपण सर्व जण युनिट आणि टनांवर बोलत आहात. मी मुंबई नाक्याच्या अलीकडे नासर्डीजवळ राहते. सातपूर-अंबडच्या बाजूने येऊन टाकळीला गोदावरीला मिळणारी ही नदी पावसाळा संपला की कोणत्या रंगाची आणि वासाची होते, ते पाहायला कोणताही तक्ता लागत नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटांवर कामे चालली आहेत, आणि त्या घाटांच्या खालच्या अंगाला आमचे हे पाणी गोदावरीत जाते. कार्बन मोजायला सोपा आहे, कारण तो वीजबिलात छापून येतो. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरले की झाले. प्लेटिंगच्या टाकीतून निघालेले क्रोमियमचे पाणी कुठल्याच बिलात छापलेले नसते.

मॅडम, आपल्या साठ पुरवठादारांपैकी किती जण प्लेटिंग स्वतः करतात? माझा अंदाज आहे की बहुतेक जण ते पुढे जॉबवर्कला देतात आणि आपल्या तक्त्यात तो तिसरा माणूस कुठेच येत नाही. त्याच्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आहे का, त्याचा गाळ घातक कचरा केंद्रात गेल्याची पावती आहे का, हे न विचारता इतरांकडून एलईडी दिव्यांची संख्या गोळा करणे हा देखावा आहे.

ग्राहकाने मनावर घेतले तर बदल होतो याचे उदाहरणही प्लेटिंगचेच आहे. १ जुलै २००६ पासून युरोपने विद्युत उपकरणांत षट्संयुजी क्रोमियमवर निर्बंध घातले आणि वाहनांच्या भागांबाबतही तशीच पावले उचलली. त्यानंतर निर्यातीच्या मालावर षट्संयुजी क्रोमियमच्या पिवळ्या पॅसिव्हेशनऐवजी (गंजरोधक थराऐवजी) त्रिसंयुजी क्रोमियमचे पॅसिव्हेशन आले. कर्करोगाला कारण ठरणारे ते षट्संयुजी रसायन तेवढ्या टाक्यांतून गेले ते ड्रॉइंगवरच्या, म्हणजे भागाच्या तांत्रिक आराखड्यावरच्या, एका ओळीमुळे; गुणांचा आणि रेटिंगचा तिथे प्रश्नच नव्हता. आपल्या ड्रॉइंगवर ती ओळ आहे का?

खरेदीविभाग_अंबड

निर्यातीच्या ड्रॉइंगवर आहे. देशांतर्गत मालाच्या सगळ्या ड्रॉइंगवर नाही. हा प्रश्न मी उद्याच डिझाइन विभागाकडे नेते.

गाळा_क्रमांक_सतरा

ताईंचे म्हणणे मला पटले आणि मी माझ्या विरोधात थोडी दुरुस्ती करतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत यंत्रे बंद असताना मी गाळ्यात गेलो होतो. कॉम्प्रेसर चालू करून टाकी भरली, सगळे व्हॉल्व्ह तपासले आणि बसून राहिलो. कोणीही हवा वापरत नसताना दर थोड्या मिनिटांनी कॉम्प्रेसर आपोआप लोड घेत होता. साबणाचे पाणी ब्रशने लावत लाइनवर फिरलो, तेव्हा जोडांवर आणि एका जुन्या एअर गनच्या मुळाशी मिळून सात ठिकाणी बुडबुडे आले. ३ मिलिमीटरच्या एका छिद्रातून ७ बार दाबाची हवा निसटत राहिली तर कॉम्प्रेसर साधारण ३ ते ४ किलोवॉट फुकट ओढतो. दोन पाळ्या आणि ३०० दिवस धरले, तर एका छिद्राचे वर्षाला १४,००० हून अधिक युनिट होतात. माझी छिद्रे त्याहून बारीक होती, पण टेफ्लॉन टेप आणि चार कपलिंग एवढ्या खर्चात पुढच्या महिन्याचा सबमीटर लक्षात येण्याइतका खाली आला.

मात्र ते मी बिल पाहून केले, कोणाचा तक्ता पाहून नव्हे. सुधारणा हवी असेल तर आपल्या कारखान्यातला मेंटेनन्सचा माणूस गळती शोधण्याचे उपकरण घेऊन अर्ध्या दिवसासाठी माझ्याकडे पाठवा. तो माझे जेवढे वाचवेल तेवढे दहा गुणांच्या भीतीने मी कधीच वाचवणार नाही.

आकडेमोड_कॉलेजरोड

यात झेड (‘झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट’, म्हणजे दोषरहित आणि पर्यावरणाला अपाय न करणारे उत्पादन) प्रमाणपत्राची सरकारी योजनाही उपयोगी पडेल. प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघु उद्योगांना ६० टक्के आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदान आहे. कांस्य श्रेणीपासून सुरुवात करता येते. एकदा ते हाती आले की प्रत्येक ग्राहकाला तेच दाखवता यावे, असा आग्रह निमा आणि आयमा या इथल्या उद्योजक संघटनांनी मोठ्या कंपन्यांकडे धरायला हवा.

खरेदीविभाग_अंबड

सर्व वाचून मी प्रस्ताव बदलते आहे. पहिल्या वर्षी आठ पुरवठादार. चारच आकडे: वीजमीटरचे वाचन, डिझेलचे लिटर, पाणी आणि घातक कचऱ्याची पावती. वाटणी यंत्राच्या तासांवर, कारण ते तास उत्पादनाच्या नोंदवहीत आधीच लिहिलेले असतात. गाळामालकाच्या बिलाऐवजी सबमीटरचा महिन्याच्या एक तारखेचा फोटो चालेल. मेंटेनन्सच्या माणसाची सूचना मी मान्य करून घेईन. गुणांचा आग्रह मात्र सोडणार नाही, फक्त १० ऐवजी ५ ठेवीन आणि आमचे पैसे ४५ दिवसांत गेले नाहीत तर त्या तिमाहीत ते गुण कोणाचेही कापले जाणार नाहीत, असे कलम घालीन. पाचवी मागणी एकच: प्लेटिंग बाहेर कोणाकडे होते, त्याचे नाव.

गाळा_क्रमांक_सतरा

फोटो एक तारखेला पाठवतो, तास लिहून देतो, कलम तर फ्रेम करून लावतो. प्लेटिंगवाल्याचे नाव मात्र देणार नाही. दोन वर्षांपूर्वी एका ग्राहकाला विश्वासाने दिले होते. सहा महिन्यांत त्याने तो माल थेट त्याच्याकडे वळवला आणि माझ्याकडचा तेवढा धंदा गेला. पर्यावरणाच्या तक्त्यातून माझा धंदा उघडा पडणार असेल तर त्याला माझा पहिल्याइतकाच विरोध आहे.

नासर्डीकाठ

आपली भीती खरी आहे, दादा, आणि नदीत येणारे पाणीही खरे आहे. नाव त्रयस्थाकडे राहील, त्याने संमतीपत्र आणि कचऱ्याच्या पावत्या तपासून मॅडमना फक्त ‘तपासले’ एवढेच कळवावे, असे करता येईल का? लेखापाल साहेब, आपल्यासारखा कोणी हे काम घेईल?

आकडेमोड_कॉलेजरोड

पावत्या तपासणे माझे काम आहे, ते करीन. टाकीतले पाणी तपासणे माझे काम नाही आणि पावती बरोबर असली म्हणजे पाणी बरोबर असते, अशा प्रमाणपत्रावर मी सही करणार नाही. त्यासाठी नमुना घ्यावा लागेल आणि प्रयोगशाळेचे बिल कोण भरणार, ते आधी मॅडमनी आणि गाळ्यावाल्यांनी ठरवावे.