मदत हवी आहे: वीज सारखी जात असताना ऑटोक्लेव्हवर (दाबाखालच्या वाफेने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर) भरवसा कसा ठेवायचा?

खेड्यातला दवाखाना, टाके घालणं आणि गळू फोडणं रोजचंच. ड्रम, म्हणजे उपकरणं आणि कापड भरलेला भोकांचा धातूचा डबा, उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश, १५ पौंड दाबावर ३० मिनिटं ठेवतो. वेळ मोजायची ती तापमान गाठल्यावर, बटण दाबल्यापासून नव्हे. मधेच वीज गेली की तापमान उतरतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. उरलेली मिनिटं नंतर जोडून चालत नाही. उकळत्या पाण्याने बीजाणू (काही जंतूंचं उष्णता सोसणारं, टणक कवचातलं रूप) मरत नाहीत, त्यामुळे ती पळवाट नको.

गॅसवर चालणारा ऑटोक्लेव्ह कुणी वापरतं का? दाब स्थिर राहतो का, आणि व्हॉल्व्ह, गास्केट तालुक्याच्या ठिकाणी मिळतात का?

दुसरी अडचण खात्रीची. ड्रमवर चिकटवलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे ड्रमला उष्णता लागली, एवढंच कळतं. ड्रमची भोकं बंद राहिली किंवा कापड ठासून भरलं तर आतली हवा निघत नाही, वाफ मधल्या घडीपर्यंत पोचत नाही, आणि बाहेरची पट्टी तरीही काळीच होते. म्हणून आठवड्याला बीजाणूंची चाचणी (ड्रममध्ये ठेवलेले बीजाणू खरंच मेले का ते पाहणारी) सुरू करायची आहे. तिला ५५ ते ६० अंशांचं इन्क्युबेटर (जंतू वाढवून पाहण्याची उबदार पेटी) लागतं. छोट्या दवाखान्याने ते विकत घ्यावं, की जवळच्या लॅबकडून करून घ्यावं? लॅबकडून करत असाल तर निकाल येईपर्यंत तो ड्रम बाजूला ठेवता का?

आणखी एक, कचऱ्याचं: रक्ताळलेलं ड्रेसिंग दवाखान्यांचा कचरा नेणाऱ्या केंद्राला ४८ तासांच्या आत द्यावं लागतं. त्यांची गाडी आडगावात वेळेवर येण्यासाठी काय ठरवलंत, तेही लिहा.