व्हर्ज म्हणजे साइडपट्टी नव्हे

इंग्रजी 'व्हर्ज' (verge) या शब्दाला अनुवादासाठी कुणी 'साइडपट्टी' हा प्रतिशब्द सुचवलाय, तो मला पटत नाही. आपली साइडपट्टी म्हणजे डांबराला लागून असलेला मुरमाचा भाग. पावसात खचणारा, समोरून एसटी आली की नाइलाजाने चाक उतरवायचा. इंग्रजीत तो 'शोल्डर'. ब्रिटनमधला व्हर्ज बहुतेकदा गवताचा: रस्ता आणि पदपथ किंवा कुंपण यांच्यामधली पट्टी. तिकडे 'सॉफ्ट व्हर्जेस' अशी पाटी दिसली की समजायचं, गाडी खाली घातली तर रुतेल.

शब्दाचं मूळ मात्र मजेशीर. लॅटिन 'विर्गा' म्हणजे काठी. राजवाड्यातल्या अधिकाऱ्याच्या हातातल्या दंडावरून त्याच्या अधिकाराची हद्द 'व्हर्ज' झाली (राजाच्या मुक्कामाभोवती १२ मैल!), हद्दीवरून कड, आणि कडेवरून हे गवत. 'ऑन द व्हर्ज ऑफ'मध्ये (एखाद्या गोष्टीच्या अगदी काठावर) तीच कड आहे.

मेलबर्नमध्ये या गवताच्या पट्टीला 'नेचर स्ट्रिप' म्हणतात, न्यूझीलंडमध्ये 'बर्म', आणि अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात चक्क 'डेव्हिल स्ट्रिप'.

अनुवादात मी 'रस्त्याकडेचं गवत' एवढंच लिहीन. 'तृणपट्टिका' वगैरे कृपा करून नको.