रीडमीमधली शेअर्ड लायब्ररीची बिल्डकृती आटोपशीर कशी करू?

खटपट्या:
आमची एक छोटी ओपन सोर्स सी++ लायब्ररी आहे, बिल्ड सीमेक या टूलने होतं. पण रीडमी वाढत वाढत मारुतीचं शेपूट झालंय, स्टॅटिक (प्रोग्राममध्येच मिसळून जाणारी लायब्ररी) वेगळं, शेअर्ड (वेगळ्या फाईलीत राहणारी) वेगळं, मॅकचं वेगळं, विंडोजचं तर विचारूच नका. त्यात कुणीतरी एफपिक (कोड मेमरीत कुठेही चालेल असा बनवणारा) फ्लॅग हाताने द्या असंही लिहून ठेवलंय. नवीन माणूस तिथेच गळतो. काय काय उडवू?

सेगफॉल्ट_सातारकर:
स्टॅटिक-शेअर्डचे दोन भाग आधी उडवा. सीमेकमध्ये बिल्ड_शेअर्ड_लिब्स नावाचा स्विच आहेच, ऑन केला की शेअर्ड, नाहीतर स्टॅटिक. फक्त लायब्ररी बनवणाऱ्या अ‍ॅड_लायब्ररी कमांडीत कुणी स्टॅटिक असं ठोकून लिहिलेलं नाही ना ते बघा, असेल तर स्विच कितीही दाबा, काही होणार नाही. एफपिकपण काढा, शेअर्ड टार्गेटला सीमेक जिथे लागतो तिथे स्वतःच लावतं. हां, आत दुसरी स्टॅटिक लायब्ररी ओढत असाल तर तिला पोझिशन इंडिपेंडंट कोडची प्रॉपर्टी द्यावी लागते, पण ते सीमेकच्या फाईलीत, वाचणाऱ्याच्या डोक्यावर कशाला?

टर्मिनलवाली:
सहमत, पण उत्साहाच्या भरात लिनक्सवरच्या एलडीकॉन्फिग कमांडची ओळ उडवू नका प्लीज! बिल्ड होतं, इन्स्टॉल होतं, आणि प्रोग्राम चालवला की शेअर्ड ऑब्जेक्ट फाईल उघडता येत नाही म्हणून बोंब, मग लोक इश्यू टाकतात की लायब्ररी मोडलीय. यूएसआर-लोकल फोल्डरमध्ये इन्स्टॉल केल्यावर लोडरची (प्रोग्राम चालवताना लायब्ररी शोधून जोडणाऱ्याची) कॅशे त्या कमांडने ताजी करावी लागते एवढंच, पण नवख्याला ते कोण सांगणार. फेडोरावर तर ते फोल्डर लोडरच्या यादीत मुळात नसतंच, आधी यादीत घालावं लागतं.
आणि सीमेकचं किमान व्हर्जन सगळ्यात वर लिहा. सोर्स-बिल्ड फोल्डर देणारे एस आणि बी हे ऑप्शन ३.१३ पासून, इन्स्टॉलची कमांड ३.१५ पासून. जुनं सीमेक असलेला माणूस उगाच डोकं आपटत बसतो.

खटपट्या:
भारी, निम्मं तर इथेच गेलं. विंडोजवर मात्र डीएलएल (तिथली शेअर्ड लायब्ररी) बनते पण सोबतची, लिंक करताना लागणारी .लिब फाईल बनतच नाही, त्यासाठी रीडमीत अख्खा परिच्छेद आहे.

सेगफॉल्ट_सातारकर:
सिम्बॉल (फंक्शन-व्हेरिएबलची नावं) एक्स्पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांना खुले, होत नसणार, काहीच एक्स्पोर्ट नसेल तर .लिब बनत नाही. विंडोज_एक्स्पोर्ट_ऑल_सिम्बॉल्स ही टार्गेट प्रॉपर्टी ऑन करा, ३.४ पासून आहे. ग्लोबल व्हेरिएबल असतील तर लायब्ररी वापरणाऱ्या कोडसाठी त्यांना मात्र डीएलएलइम्पोर्ट ही खूण लिहावी लागेलच. मग तो परिच्छेद पुसा आणि त्याजागी एकच ओळ, डीएलएल ईएक्सईच्या शेजारी ठेवा.